मोडेन पण वाकणार नाही: स्टेनलेस स्टील म्हातारं होतं तेव्हा

अणुभट्ट्यांच्या बातम्यांमध्ये हल्ली एक गोष्ट वारंवार दिसते, ४० वर्षांसाठी बांधलेली भट्टी आता ६० वर्षं चालवणार म्हणे, अमेरिकेत तर काहींना ८० वर्षांपर्यंतची परवानगी मिळालीये. आणि बातमीच्या शेवटी कुठेतरी "पाइपांच्या स्टीलचं थर्मल एजिंग तपासलं जाईल" असं एक वाक्य टाकून बातमीदार मोकळा होतो. वाचणारा मात्र तिथेच अडकतो, कारण स्टेनलेस स्टील म्हणजे न गंजणारं, मग त्याचं वय होतं म्हणजे नक्की काय होतं? ते काय माणूस आहे का, केस पांढरे व्हायला?

तर होतं. गंज न लागता, वजन कमी न होता, बाहेरून चकचकीत दिसत असतानाही होतं. नुसती ऊब पुरते, पण ती वर्षानुवर्षं मिळावी लागते. या एजिंगला मी पुढे "मुरणं" म्हणेन कारण तो शब्द बरोबर बसतो, फक्त लोणचं मुरलं की चांगलं होतं आणि स्टीलचं बहुतेक वेळा उलटं होतं.

आधी कडक आणि चिवट यातला फरक

बहुतेक गोंधळ इथेच होतो. काच कडक आहे, सुरीने ओरखडा उठत नाही, पण हातातून पडली की संपली. चामडं मऊ आहे पण ओढा, पिळा, तुटत नाही. काचेत कडकपणा आहे, चामड्यात चिवटपणा. धातूचा चिवटपणा म्हणजे तुटायच्या आधी तो किती मार पचवतो ते, म्हणजे आधीच एखादी छोटी भेग असली तरी ती पुढे न धावता तिथेच रेंगाळते का.

"मोडेन पण वाकणार नाही" हे माणसाबद्दल म्हटलं की कौतुक असतं. पाइपबद्दल इंजिनिअरने असं म्हटलं तर समजायचं की त्याची झोप उडालीये. कारण वाकणारा पाइप आधी सूचना देतो, फुगतो, गळतो, कुणीतरी बघतं आणि बंद करतं. न वाकणारा पाइप सूचना देत नाही.

हा चिवटपणा मोजायची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि अजूनही तीच वापरतात, फ्रान्सच्या जॉर्ज शार्पी यांच्या नावाने ओळखली जाते. १० मिलिमीटर जाड-रुंद आणि ५५ मिलिमीटर लांब अशी धातूची कांडी घ्यायची, मधोमध २ मिलिमीटर खोल व्ही आकाराची खाच पाडायची आणि एक जड लोलक वरून सोडून कांडी एका फटक्यात तोडायची. तोडून झाल्यावर लोलक पलीकडे किती वर गेला ते बघायचं. कमी वर गेला म्हणजे कांडीने जास्त ऊर्जा खाल्ली, म्हणजे ती चिवट. चांगलं ताजं ड्युप्लेक्स स्टेनलेस (ते काय ते पुढे येतंच) १०० ज्यूलपेक्षा आरामात जास्त खातं, तुटलेला भाग ओढल्यासारखा, राखाडी आणि खरबरीत दिसतो. वाईट मुरलेली कांडी टक्‌ करून तुटते आणि तुटलेल्या जागी साखरेसारखे चमकणारे सपाट पैलू दिसतात. एवढी साधी टेस्ट, पण भल्याभल्या मायक्रोस्कोपपेक्षा लवकर खरं सांगून टाकते असं माझं मत आहे.

आत काय असतं

स्टेनलेस म्हणजे लोखंड आणि त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम. हे क्रोमियम पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा करतं, त्याच्यामुळे गंज थांबतो. हे शाळेत सांगतात. शाळेत सांगत नाहीत ते असं की आत अणू कसे रचलेत त्याच्यावरून स्टेनलेसची वेगवेगळी घराणी पडतात.

आपल्याला दोनच रचना पुरतील. एक फेराइट, यात अणूंचा चौकोनी खोका समजा, आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि एक बरोबर मधोमध. दुसरी ऑस्टेनाइट, कोपऱ्यांवर अणू आहेतच पण मधोमध नाही, खोक्याच्या सहाही बाजूंच्या मध्यावर एकेक. फेराइटला लोहचुंबक चिकटतो, ऑस्टेनाइटला चिकटत नाही. ऑस्टेनाइट इतकं चिवट की उणे १९६ अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलं तरी ठिसूळ होत नाही. फेराइट थंडीत मार खातं, एका तापमानाखाली ते काचेसारखं वागायला लागतं. हा फेराइटचा स्वभाव लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

सगळ्यात जास्त खपणारं ३०४ नंबरचं स्टील, साधारण १८ टक्के क्रोमियम ८ टक्के निकेल, ते जवळजवळ पूर्ण ऑस्टेनाइट, कारण निकेल ऑस्टेनाइटच्या बाजूचं. ४३० नंबरचं फेराइट. आणि ड्युप्लेक्स म्हणजे दोन्ही साधारण निम्मं निम्मं, ताकद भरपूर आणि गंजाला दाद न देणारं, म्हणून समुद्रातल्या तेलाच्या पाइपलाइनींमध्ये आणि केमिकल प्लांटमध्ये ते आवडीने वापरतात.

उष्णतेने अणू उठून जागा बदलतात

स्टेनलेस बनवताना शेवटी ते साधारण १०५० अंश सेल्सिअसला तापवतात आणि पटकन पाण्यात थंड करतात. इतक्या तापमानाला सगळे अणू एकमेकांत छान मिसळलेले असतात, आणि पटकन थंड केल्यामुळे ते तसेच गोठतात.

आता एक मोठं सभागृह डोळ्यासमोर आणा. दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी आहेत आणि आयोजकाने सक्तीने एक इकडचा एक तिकडचा असं मिसळून बसवलंय. मनातून प्रत्येकाला आपल्या ओळखीच्या माणसाशेजारी बसायचंय. जोवर उठायला बंदी आहे तोवर मिसळलेलीच राहणार. उठायला थोडी मोकळीक दिली की हळूहळू, एकेक खुर्ची सरकत, घोळके तयार होतात. आणि पूर्ण धमाल सुरू केली, सगळे नाचायला लागले, तर परत सरमिसळ.

तापमान म्हणजे ही मोकळीक. घरातल्या तापमानाला अणू खुर्चीला चिकटलेले, म्हणून तुमच्या घरातली स्टीलची भांडी नातवंडांपर्यंत जातात, त्यात काही मुरत-बिरत नाही, पाणी उकळलं तरी १०० अंशच, ते यासाठी काहीच नाही. १०५० ला नाच. भानगड मधल्या पट्ट्यात आहे, ३०० पासून ९०० पर्यंत, आणि त्यातही कुठल्या तापमानाला बसलात त्यावर वेगवेगळे आजार होतात.

४७५ अंशाचा आजार

लोखंड आणि क्रोमियम यांना साधारण ५५० अंशाच्या खाली, क्रोमियम पुरेसं असेल तर, एकत्र राहायला आवडत नाही. फेराइटमध्ये मग क्रोमियमचे अणू क्रोमियमकडे, लोखंडाचे लोखंडाकडे सरकतात. शेवटी एक भाग लोखंडाने भरलेला आणि दुसरा ८० टक्क्यांहून जास्त क्रोमियमचा, अशी फारकत होते. हे सगळ्यात जोरात ४७५ अंशाच्या आसपास होतं म्हणून या आजाराचं नावच ४७५ अंशाचा ठिसूळपणा. धातुशास्त्रज्ञांना नावं देता येत नाहीत याचा हा पुरावा, कारण अमेरिकन पुस्तकांत यालाच ८८५ चा ठिसूळपणा म्हणतात, फॅरनहाइटमध्ये मोजतात ना, आणि नवखा माणूस दोन वेगळे आजार समजून बसतो.

गंमत म्हणजे या फारकतीला सुरुवात करायला बी लागत नाही. नेहमी काहीही गोठताना आधी एक छोटासा कण बनतो आणि मग तो वाढतो. इथे बऱ्याचदा तसं होत नाही, सगळीकडे एकाच वेळी बारीक लाटा उठतात, इथे क्रोमियम थोडं जास्त तिथे थोडं कमी, आणि त्या लाटा वाढत जातात. याला स्पिनोडल विघटन म्हणतात, जॉन कान आणि जॉन हिलियर्ड यांनी १९५८ मध्ये मांडलेलं गणित यासाठी आजही वापरलं जातं. दोन लाटांमधलं अंतर किती तर काही नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी ७०-८० हजार नॅनोमीटर असते म्हणजे साध्या मायक्रोस्कोपखाली काहीही दिसत नाही. नवं आणि मुरलेलं स्टील शेजारी ठेवलं तर फोटो सारखाच. अणू एकेक करून मोजणारी यंत्रं लागतात तेव्हा कुठे कळतं.

बरं लाटा उठल्या, त्याने ठिसूळ का व्हावं? धातू वाकतो तेव्हा अणूंचा अख्खा थर एकदम सरकत नाही. जड सतरंजी खेचायची असेल तर आपण एका टोकाला सुरकुती पाडतो आणि ती सुरकुती पुढे ढकलत नेतो, सतरंजी सरकते. धातूतही अशाच सुरकुत्या धावतात म्हणून तो वाकतो. आता त्या सतरंजीखाली सगळीकडे बारीक खडे पसरले तर? सुरकुती प्रत्येक खड्याला अडते. वाकवायला जास्त जोर लागतो, म्हणजे कडकपणा वाढला, फेराइटचा तर जवळजवळ दुपटीपर्यंत जाऊ शकतो. पण भेगेच्या टोकाशी ताण साठतोय आणि वाकून तो हलका करता येत नाही अशी स्थिती आली की अणूंचे थर सरळ फाटतात. वाकण्यापेक्षा फाटणं स्वस्त पडतं. यात निकेल आणि सिलिकॉनचे अगदी बारीक कण, "जी फेज" म्हणतात त्यांना (इंग्रजी G अक्षर, आणि फेज म्हणजे स्वतःची वेगळी रचना असलेला भाग), तेही भर घालतात.

क्रोमियम जितकं जास्त तितका हा आजार जोरात. १२-१३ टक्क्यांच्या खाली असेल तर जवळजवळ त्रास नाही, म्हणून गाड्यांच्या सायलेन्सरला ११ टक्क्यांचं ४०९ स्टील चालून जातं, रोज गरम होऊनसुद्धा.

सिग्मा, म्हणजे त्याहून दांडगा भाऊ

तापमान आणखी वर नेलं, साधारण ६०० ते ९०० अंश, तर वेगळाच प्रकार. इथे लोखंड आणि क्रोमियम मिळून एक नवीनच पदार्थ बनवतात, त्याचं नाव सिग्मा फेज. याच्या एका खोक्यात ३० अणू असतात, अशी किचकट रचना की सुरकुती त्यातून धावूच शकत नाही. म्हणून सिग्मा भयंकर कडक आणि काचेसारखा ठिसूळ. मॉलिब्डेनम असेल तर आणखी लवकर बनतो, आणि मॉलिब्डेनम तर आपण गंजापासून वाचायला मुद्दाम घातलेलं असतं.

रबराच्या चादरीत काचेचे तुकडे घालून चादर ताणली तर आधी काच फुटते आणि फुटलेल्या जागेपासून चादर फाटत जाते. तेच. एक-दोन टक्के सिग्मासुद्धा चिवटपणाची वाट लावायला पुरतो. आणि ४७५ चा आजार कमी तापमानाला वर्षं घेतो तसा हा घेत नाही, ड्युप्लेक्समध्ये ८५० अंशाच्या आसपास काही मिनिटांत सुरू होतो. त्यामुळे हा बऱ्याचदा वापरताना होतच नाही, बनवतानाच होतो. जाड कास्टिंग (साच्यात ओतलेला भाग) थंड होताना बाहेरचा भाग पटकन थंड झाला पण पोटातला भाग त्या पट्ट्यात रेंगाळला, किंवा वेल्डरने एकावर एक पास (म्हणजे वेल्डचे थर) मारले आणि मध्ये थंड व्हायला वेळच दिला नाही, की झालं. म्हणून ड्युप्लेक्सच्या वेल्डिंगमध्ये दोन पासमधलं तापमान किती हे डोळ्यात तेल घालून बघतात, आणि माल घेताना शार्पी करून घेतात. २२०५ नावाच्या ड्युप्लेक्ससाठी प्रचलित मानक असं की उणे ४० अंशाला मूळ धातूने किमान ५४ ज्यूल खायलाच पाहिजेत.

सिग्मा दुहेरी नुकसान करतो. स्वतःत क्रोमियम ओढून घेतो, मग शेजारच्या भागात ते कमी पडतं आणि तिथला गंजरोधकपणा जातो. एक बरं आहे की तो मायक्रोस्कोपखाली दिसतो, योग्य रसायनाने पृष्ठभाग खाववला तर रंगून उठून दिसतो, आणि तो फेराइटच्या जागेवर बनतो पण चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे फेराइट मोजायच्या चुंबकी मीटरवर आकडा उतरला की शंका घ्यायला जागा मिळते.

यातली मला सगळ्यात धोकादायक वाटणारी गोष्ट अशी की सिग्मा भरलेला भाग गरम असताना ठीकठाक चालतो. भट्टी वर्षभर चालू आहे, काही होत नाही. मग शटडाऊन घेतलं, सगळं थंड झालं, कुणीतरी हातोडा मारला किंवा नुसता पाइपवर ताण आला आणि तडा. लोक म्हणतात काल तर चांगलं होतं. काल गरम होतं.

मग सरळ ३०४ वापरा की, त्यात फेराइटच नाही

हा प्रश्न येणारच, आणि अर्धा बरोबर आहे. ४७५ वाला आजार ऑस्टेनाइटला होत नाही. पण ३०४ ला ४५० ते ८५० च्या पट्ट्यात दुसरीच खोड आहे, तिथे कार्बन क्रोमियमला ओढून कणांच्या (धातू ज्या बारीक स्फटिकांचा बनलेला असतो त्यांच्या) सीमेवर कार्बाइड बनवतो आणि सीमेलगत क्रोमियम कमी होऊन तिथून गंज आत शिरतो. विटा शाबूत पण मधलं सिमेंट गेलं अशी भिंत. ते टाळायला कार्बन ०.०३ टक्क्यांखाली ठेवलेलं ३०४एल वापरतात किंवा टायटॅनियम, नायोबियम घालतात. हा मुख्यतः गंजाचा विषय, इथे जास्त शिरत नाही.

दुसरं म्हणजे ३०४ चं वेल्ड पूर्ण ऑस्टेनाइट नसतंच. पूर्ण ऑस्टेनाइट वेल्ड थंड होताना तडकायची भीती असते म्हणून त्यात मुद्दाम काही टक्के फेराइट येऊ देतात. कास्टिंगचंही तसंच. म्हणजे ज्याने मुरायचं ते आपणच आत ठेवलंय, आणि ते ठेवलं नाही तर बनवतानाच तडा. २५ टक्के क्रोमियम २० टक्के निकेलचं ३१० स्टील तर फेराइट नसतानाही ७००-८०० अंशाला दीर्घकाळ राहिलं की सिग्मा बनवतं.

अणुभट्टीचे पाइप तर ३०० अंशालाच असतात ना

हो, साधारण २८० ते ३२० अंश. ४७५ च्या बरंच खाली. पण मोकळीक कमी असली तरी शून्य नाही, आणि ४० वर्षं म्हणजे साडेतीन लाख तास. काही प्रकारच्या भट्ट्यांमध्ये मुख्य पाणी फिरवणारे पाइप, एल्बो, पंपाची आवरणं ओतीव स्टेनलेसची असतात, सीएफ८ किंवा सीएफ८एम नावाची, त्यात ५ ते २५ टक्के फेराइट असू शकतं. फेराइट थोडं असेल तर ऑस्टेनाइटच्या समुद्रातली ती सुटी बेटं, बेट ठिसूळ झालं तरी भेग समुद्रात येऊन थांबते. फेराइट जास्त असेल तर बेटं एकमेकांना जोडली जातात आणि भेगेला सलग रस्ता मिळतो. म्हणून नुसतं स्टीलचं नाव विचारून चालत नाही, फेराइट किती, मॉलिब्डेनम आहे का, साच्यात कसं ओतलं, हे सगळं जुन्या कागदांतून शोधावं लागतं.

६० वर्षांनी काय होईल हे आज कसं कळणार

तापमान वाढवून घाई करायची. तेच स्टील ४०० अंशाला १०,००० तास, म्हणजे जवळजवळ चौदा महिने, ठेवलं की ३०० अंशाच्या कित्येक दशकांचं म्हातारपण येतं. तापमान वाढलं की अणूंची हालचाल कशी झपाट्याने वाढते याचं आऱ्हेनियस नावाचं समीकरण आहे, त्यावरून हिशोब लावतात.

मग आणखी तापवा, ७०० ला ठेवा, दोन दिवसांत निकाल! नाही चालत. ७०० ला तो आजारच होत नाही, दुसरा होतो. आंबा पटकन पिकावा म्हणून चुलीत घातला तर पिकत नाही, भाजतो. ४०० हेही थोडं धाडसच आहे, कारण तिथे आणि ३०० ला सगळं अगदी त्याच क्रमाने, त्याच प्रमाणात होतं असं नाही, जी फेज कमीजास्त होते. म्हणून बंद झालेल्या जुन्या भट्ट्यांमधून खरोखर म्हातारे झालेले तुकडे मिळतात तेव्हा संशोधक त्यांच्यावर तुटून पडतात.

तापवून परत तरुण करता येतं का

येतं, आणि हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. ४७५ चा आजार असेल तर ५५० च्या वर, साधारण ६०० ला तासभर ठेवून पटकन थंड केलं की क्रोमियमचे घोळके मोडतात आणि चिवटपणा बराचसा परत येतो. पटकन थंड करणं महत्त्वाचं, आणि ६०० ला रेंगाळलात तर सिग्माच्या हद्दीत पाय पडतो. सिग्मा झालाच असेल तर मात्र परत १०५० पर्यंत जावं लागतं आणि पाण्यात बुडवावं लागतं. छोटा सुटा भाग असेल तर ठीक आहे. भिंतीत वेल्ड करून बसवलेला, माणूस आत रांगत जाईल एवढा पाइप १०५० ला नेऊन पाण्यात बुडवणार कसा? त्यामुळे तिथे उपचार जवळजवळ नाही, नजर ठेवणं आहे. ड्युप्लेक्ससाठी तर सोपा नियम करून टाकलाय, २५०-३०० अंशाच्या वर सतत वापरायचंच नाही.

म्हणजे एक दिवस पाइप अचानक फुटणार?

ठिसूळ झालं म्हणजे फुटलं असं नाही, फुटायला भेग लागते आणि ताण लागतो. शिवाय हे मुरणं कायम चालू राहत नाही, एका मर्यादेनंतर घोळके पूर्ण होतात आणि चिवटपणा एका तळाला जाऊन टेकतो. हिशोब करणारे शहाणे लोक पहिल्या दिवसापासून हा तळाचाच आकडा धरतात, आजचा नाही.

मग उरतो प्रश्न भेग शोधायचा, आणि इथे ओतीव स्टेनलेस परत एकदा नडतं. भेग शोधायला अल्ट्रासाउंड आत सोडतात आणि प्रतिध्वनी ऐकतात, पण ओतीव स्टेनलेसचे कण मोठाले, कधी कधी डोळ्यांनी दिसतील इतके, आणि प्रत्येक कणावर ध्वनी विखुरतो. धुक्यात गाडीचे हेडलाइट लावल्यासारखं, सगळीकडे उजेड आणि दिसत काही नाही. म्हणून कमी फ्रिक्वेन्सीच्या लाटा वापरतात, त्या आत जातात पण बारीक भेग त्यांना दिसत नाही. मग हिशोब उलटा करतात, आमच्या यंत्राला सगळ्यात छोटी कोणती भेग नक्की दिसते ते आधी ठरवायचं आणि तळाला टेकलेलं स्टील तेवढी भेग घेऊन पुढच्या तपासणीपर्यंत तग धरतं का ते बघायचं. धरत असेल तर परवानगी, नसेल तर तो तुकडा कापून नवीन बसवायचा.